हिरवा डबा, लोदे, मिरची कमी

हे खरं तर मी सांगायचं नाहीये. तसं मला बजावलंय, एकदा नाही, चारदा, चार वेगवेगळ्या माणसांनी, चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत नेऊन. आणि प्रत्येकानं वर हेही ऐकवलं की वेनिंग, तू शहाणी आहेस म्हणून तुला सांगितलं. शहाणी म्हणजे काय, तर बोलत नाही. आता तुम्हाला सांगते, जी बोलत नाही तिच्या पोटात लोक काय वाटेल ते आणून ठेवतात, अडगळीच्या खोलीत ठेवतात तसं... आणि पोटाचंच म्हणाल तर गेले बावीस दिवस मी रात्री एकच भाजी खातेय. लोदे. नारळाच्या दुधात शिजवलेली चवळीच्या शेंगांची, वांग्याची भाजी, वर तेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे तुकडे. ऐकायला बरी वाटते ना? बावीस दिवस खा आणि मग बोला.

तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक खानावळ आहे, तेगाल गावाहून आलेल्या लोकांची, तेगालवाल्यांची. जाकार्तात कुठल्या गल्लीच्या कोपऱ्यावर नाही म्हणा. निळा रंग, समोर काचेचं कपाट, कपाटात वीस-बावीस थाळ्या, आणि काचेवर एक माशी, ती कायम आतून. बाहेरून कधीच नाही. ती आत जाते कुठून आणि बाहेर का येत नाही, याचा मी गणितापेक्षा जास्त विचार केलाय. बसायला एकच लांब बाकडं, आठ जणांचं, एका टोकाचा माणूस जेवून उठला की दुसऱ्या टोकाच्यानं ताट सावरायचं, कारण बाकडं कलतं. रोज कलतं. रोज कोणाचा तरी चहा सांडतो. रोज सगळे म्हणतात, याला खिळा मारायला हवा, आणि हात धुऊन निघून जातात. आणि म्हणे मोठी माणसं.

पण तिथे एक सोय आहे. बोलावं लागत नाही. काचेवर बोट टेकवायचं. हे. हे. आणि ते. पलीकडून काकू भातावर वाढतात. किती वाढू, कशाला आलीस, शाळा कशी चाललीय, काही नाही. म्हणून तर आईनं मला निवडलं.

कारण आईला स्वयंपाक येत नाही. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. आई कपडे शिवते, तिच्या हातचा टाका माझ्या जन्मापासून उसवलेला नाही. पण तिच्या हातचं नारळाचं दूध फुटतं. दर वेळी. वर तेल, खाली पाणी, आणि शेजारी आई, डाव हातात धरून, जणू काही हे तिनं नाही, चुलीनं केलं.

आता हे चाललं असतं हो. आमच्या घरी चाललंच होतं. पण बाबांचं माहेर... म्हणजे बाबांचं गाव, क्लातेन. तिथे आजी. आजीच्या घरी वर्षातून एकदा सगळं कूळ जमतं, ऐंशी माणसं, आणि तिथल्या स्वयंपाकघरात कोणी कुठे बसायचं हे देवानं ठरवून दिल्यासारखं आहे. चुलीपाशी आजी आणि वुर्यानी आत्या. मधे मोठ्या काकू. आणि मागच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, एका बुटक्या पाटावर आई, कांदे सोलत. सोळा वर्षं. कांदे तरी मोठे असावेत? बोटाच्या पेराएवढे लाल कांदे, टोपलीभर. आणि आत्या जाता-येता म्हणणार, "रेत्नो, रडू नको गं त्यात. तुझ्या हातचं तसंही खारट होतं."

आई हसायची. आईला हसताना पाहिलं की मला त्या टोपलीला लाथ मारावीशी वाटायची. मारली नाही. मी कांद्याची सालं गोळा करायचे.

मग दोन वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आजी बघायला आली. आईनं लोदे करायला घेतलं. फुटलं. आजीची रिक्षा गल्लीत शिरलेली, हॉर्न ऐकू येतोय, आणि आईनं माझ्या हातात हिरवा डबा कोंबला. "मागच्या दारानं जा, बोट दाखव, भरून आण, बोलू नकोस." जशी काही मी तिथे भाषण करणार होते.

आजीनं दोनदा वाढून घेतलं. चमचा खाली ठेवला. म्हणाली, "रेत्नो, हे तू केलंस?"

आता बघा हं. आई खोटं बोलली नाही. हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. म्हणाली, "अजून थोडं वाढू का?" बस्स. एवढ्या एका वाक्यावर आम्ही दोन वर्षं काढली. आजी येणार कळलं की हिरवा डबा निघायचा. एकदा तर आईनं डब्यात चिठ्ठी घालून पाठवली खानावळीच्या वास्तिरीकाकूंना: मिरची कमी, गूळ थोडा जास्त, सासूबाई क्लातेनच्या आहेत. आणि आजी तिकडे गावभर सांगत सुटली की धाकटीच्या हाताला शेवटी चव आली. आत्याला हे इतक्या वेळा ऐकवलं की आत्या फोनवर आईशी फक्त हवेबद्दल बोलायला लागली.

आणि बाबा? बाबांचं वेगळंच. बाबा नोटरीच्या कचेरीत कारकून, कचेरी मुख्य रस्त्यावर, खानावळीपासून चार मिनिटं. बाबांना जेंगकोल प्राण. त्या चपट्या बिया. माणूस खाऊन न्हाणीघरात गेला आणि बाहेर आला तरी वास दोन दिवस आतच राहतो, म्हणून आईनं घरात बंदी केली. सात वर्षांपूर्वी बाबांनी हात जोडून जेंगकोल सोडलं. एकदा दुपारी मी हिरवा डबा घेऊन गेले तर बाकड्याच्या टोकाला बाबा. समोर जेंगकोलचा ढीग. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी डबा पाठीमागे नेला. दोघंही वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आलो, आणि रात्री त्याच डब्यातलं लोदे आजीच्या शेजारी बसून खाताना बाबा म्हणतात, "वा. बाहेर कुठे अशी चव मिळते?"

बाबा भोळे आहेत की पोचलेले, मला अजून कळलेलं नाही. आणि म्हणे मोठी माणसं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदा आजी आली, आणि आल्या संध्याकाळी, पाय पण धुतले नव्हते, आईला म्हणाली, "पुढल्या महिन्यात सगळे जमतील तेव्हा लोदे तू करायचंस. मी वुर्यानीला सांगितलंय. यंदा कांदे ती सोलेल."

तुम्ही आईचा चेहरा पाहायला हवा होता. वर्गात निकाल वाचताना ज्या मुलीचं नाव कधीच आधी येत नाही, तिचं पहिलं आलं की ती कशी मागे वळून बघते, दुसरी कोणी त्या नावाची आहे का... तसा. सोळा वर्षांनी ती उंबऱ्याच्या आत येणार होती. रात्री भांडी घासताना मी हळूच विचारलं, "आई, ऐंशी माणसांचं लोदे. क्लातेनला. हिरव्या डब्यात किती मावतं?"

आई म्हणाली, "बघू."

बघू. मला जर परीक्षेत असं लिहिता आलं असतं तर.

चौथ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "रेत्नो रोज रांधून दमते. आज चूल बंद. त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊ सगळे, वास बरा येतो तिथून."

तिघांचे हात ताटात थांबले. बाबा म्हणाले, "तिथे? छे, आम्ही कधी पाऊल नाही ठेवलं तिथे." आई म्हणाली, "मला वाटलं ती बंद पडली." आजी माझ्याकडे बघायला लागली. मी भात खाल्ला.

पण आई हुशार आहे. स्वयंपाक सोडून सगळ्यात. तिच्या लक्षात होतं की त्या आठवड्यात खानावळीची पाळी बदलणार. कसं आहे, ती खानावळ दोन भावांची, पण चालवतात बायका. चार महिने एकीनं इथे रांधायचं, दुसरीनं गावी शेत आणि पोरं बघायची, मग अदलाबदल. आधी सासू-सून, आता दोघी जावा. जावा बेटावरच्या जावा, एका चुलीवर एका वेळी दोन बायका कधीच नाहीत, म्हणून तर खानावळ वीस वर्षं टिकलीय. थोरली वास्तिरीकाकू आम्हाला ओळखते. धाकट्या भावाची पाळी इतकी वर्षं त्याची म्हातारी आई चालवायची, ती पण ओळखायची. पण धाकट्याचं आता लग्न झालं, आणि शुक्रवारपासून त्याची नवी बायको तुरीपा पहिल्यांदाच येणार होती. तिला आम्ही कोण? कोणीच नाही.

म्हणून आई आजीला म्हणाली, "आज नको, शुक्रवारी जाऊ. शुक्रवारी तिथे मासा ताजा असतो."

जी खानावळ बंद पडलीय, तिथला मासा शुक्रवारी ताजा असतो. मी पाणी प्यायले. आजी "बरं" म्हणाली. आजी जेव्हा नुसतं "बरं" म्हणते ना, तेव्हा घाबरायचं, हे मला पाचवीत असल्यापासून माहीत आहे, यांना चाळिशीत माहीत नाही.

शुक्रवारी बाबा मशिदीतून परस्पर आले आणि आम्ही चौघं त्या बाकड्यावर बसलो. आता नाटक बघा. आई काचेसमोर उभी, हातात पर्स गच्च, "हे कसं असतं? सांगायचं असतं, की आपणच घ्यायचं?" दोन वर्षं ज्या काचेमागच्या लोदेवर नाव कमावलं त्याच काचेसमोर. बाबा त्याहून वरचढ. चष्मा वर करून एकेक थाळी न्याहाळतायत, "हं... हे काय असतं बरं?" अंडं होतं ते. तिखटातलं अंडं. बाबांना अंडं माहीत नव्हतं. पण तोंड कितीही खोटं बोललं तरी हात थोडाच ऐकतो? बाबा बाकड्याच्या टोकाला, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, आणि मागे न बघता, अजिबात न बघता हात पाठीमागे नेऊन भिंतीवरच्या पत्र्याच्या डब्यातून कुरकुरीत पापड काढला. मान समोर, हात मागे, झाकण उघडलं, पापड काढला, झाकण बंद. आजी बघत होती.

तुरीपाकाकू पलीकडे. विशी-बाविशीची, कपाळावर घाम, हातात डाव, पहिला दिवस. बाकड्यावरचे नेहमीचे लोक तिला छळत होते. मोटारसायकलवाला सार्तोनो म्हणत होता, "अगं, हे लोदे आहे की तेलाचं तळं? तुझ्या जावेनं शिकवलं नाही का?" तिचं दूध फुटलं होतं. मला ते काचेतून दिसलं. आईला पण दिसलं, आणि आई तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती... आपलंच पोर पडल्यावर बघतात तसं.

माझी पाळी आली. मी काचेवर बोट टेकवलं. हे. हे. आणि ते.

तुरीपाकाकूंनी डाव थांबवला. माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उजळला, पाठ केलेला प्रश्न पेपरात आल्यासारखा. "थांब थांब, सांगू नको. तू न बोलणारी ना?"

आता तुम्हाला कळायला हवं, तेगालवाले खानावळ सोपवतात म्हणजे नुसत्या किल्ल्या देत नाहीत. गिऱ्हाइकं सोपवतात. वास्तिरीकाकूंनी लग्नाला गावी जाऊन या बिचारीला तीन दिवस समोर बसवून एकेक गिऱ्हाईक घोकून घेतलं होतं. आणि ही बिचारी शाळेत कशी असेल ते मला तेव्हाच कळलं, कारण तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं, मोठ्यानं, एका दमात:

"न बोलणारी मुलगी. हिरवा डबा, लोदे, मिरची कमी, गूळ जास्त, क्लातेनची सासू आली की रोज, मागच्या दारानं."

मग तिनं डोळे उघडले, पापड हातात धरलेल्या बाबांना पाहिलं आणि अजूनच खूश झाली. "आणि तुम्ही चष्मेवाले साहेब. टोकाची जागा, जेंगकोल दुप्पट, घरी सांगायचं नाही."

"घरी सांगायचं नाही" हे तिनं जेंगकोलसारखंच म्हटलं. तो पण एक पदार्थ असल्यासारखा. वाढू का, साहेब?

सार्तोनो जेवायचा थांबला. बाबांच्या हातातला पापड मोडला, कटकन, एवढाच आवाज. आई ताटाकडे बघत होती. मला वाटलं आता आजी उठेल, स्टेशनवर जाईल, आत्याला फोन करेल, आणि आई पुढची सोळा वर्षं त्या पाटावर. आईला पण तेच वाटत होतं. तिच्या मानेवरून कळत होतं.

आजीनं लोदेचा एक घास घेतला. चावला. मग उठली. तिच्या उठण्यानं बाकडं कललं आणि सार्तोनोचा चहा त्याच्या मांडीवर गेला, बरं झालं. आजी कपाटाला वळसा घालून सरळ आत, चुलीपाशी. "पोरी, नारळाचं दूध चुलीवर ठेवून लोकांची नावं पाठ करत बसायचं नसतं. हात थांबला की दूध फुटलं. दुसरा नारळ आहे का?" तुरीपाकाकू रडायच्या बेतात, नारळ काढून दिला. मग आजीनं हाक मारली, "रेत्नो."

आई उठली. आत गेली. आत कोपऱ्यात लाल कांद्यांची टोपली होती, वर सुरी. आई त्या टोपलीपाशी उकिडवी बसली आणि सोलायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

आजी तिच्याकडे बघत राहिली. मी काचेतून बघत होते, माशी पण.

"कांदे कोणी सांगितले तुला?" आजी म्हणाली. "ऊठ. हा डाव धर. आणि मी सांगेपर्यंत हात थांबला तर बघ."

आई अर्धा तास ढवळत उभी होती. तिचं नाक वाहत होतं आणि तिला पुसता येत नव्हतं, कारण हात थांबवायचा नव्हता. बाबांनी तेवढ्यात जेंगकोल दुप्पट मागवलं, आता लपवायचं काय राहिलं होतं? घरी जाताना आजी एवढंच म्हणाली, "एक महिना आहे." आणि परतीचं तिकीट रद्द केलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती कौतुकानं सांगितली असती. पण नाही ना.

तेव्हापासून रोज सकाळी आजी आणि आई त्या खानावळीत जाऊन लोदे करतात. परक्या चुलीवर. तुरीपाकाकू काय बोलणार? थोरांना नाही म्हणायची आपल्यात सोय आहे का? नवव्या दिवशी दूध फुटायचं थांबलं. खरंच थांबलं, मी पाहिलंय, दाट, पांढरं, सायीसारखं. आई इतकी खूश झाली की तिनं मला खानावळीत, सगळ्यांसमोर, गालाला हात लावला. फक्त... चव. चव काय झालीय ते मला सांगता येत नाही. मीठ आहे, गूळ आहे, सगळं आहे, एकमेकांना न भेटलेल्या पाहुण्यांसारखं.

म्हणून तुरीपाकाकू काय करतात माहितेय? वरच्या फळीवर आईचं पातेलं ठेवतात, आणि खाली, पडद्याआड, स्वतःचं दुसरं, आजीचं ऐकून ऐकून जमलेलं. बाकड्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. सगळे येतात, बोट काचेवर टेकवतात आणि हळूच खाली घसरवतात. "न बोलणारे, तू सांगू नको हं आईला," असं तुरीपाकाकू बजावतात, हे एक. बाबा तेवढे रोज वरच्या पातेल्याकडे बोट दाखवतात, छाती पुढे काढून, आई बघत असते म्हणून. मग वर जेंगकोल घेतात, कारण त्या वासापुढे दुसरी कसलीच चव लागत नाही. आईनं परवानगी दिलीय, प्रेमानं. "हे जेंगकोलचं कारण तिला कळू देऊ नकोस," असं बाबा, हे दोन. आजी संध्याकाळी मला कोपऱ्यात घेते, "खालच्या पातेल्यातलं वाटीभर आण गं मला. रेत्नोला सांगायचं नाही. दूध फुटायचं आत्ता कुठे थांबलंय, चवीचं बोलले तर तिचा हात पुन्हा थांबेल." हे तीन. आणि आई म्हणते, आपण खानावळीत शिकतोय हे आत्याला कळता कामा नये. चार.

दोन वर्षं आमच्या घरात आईचं लोदे खानावळीचं होतं. आता खानावळीत लोदे खरोखर आईचं असतं आणि तिथे ते कोणी खात नाही, म्हणून संध्याकाळी पातेलंभर घरी येतं. खायला कोण? बाबांचं दुपारी झालेलं असतं. आजीची वाटी असते. आई दमून चहावरच झोपते. आणि म्हणे मोठी माणसं.

आठ दिवस राहिलेत. आत्या फोनवर म्हणाली, मी कांदे सोलायला बसणार आहे, बघू तुझं लोदे. आईनं नवा झंपर शिवायला घेतलाय. कोणीतरी तिला सांगायला हवं ना? कोण सांगणार? सगळ्यांना कळतंय आणि सगळे बोटं खाली घसरवतायत. म्हणून मी ठरवलंय. आज सांगायचं. तोंड उघडायचं आणि सांगायचं.

"वेनिंग, ताट वाढलंय गं. गरम आहे तोवर ये."

आले. बघा, पहिल्या घासालाच सांगणार. म्हणजे पहिल्या नाही, ती समोर बसलेली असते, माझ्या तोंडाकडे बघत. जेवण झाल्यावर. भांडी घासताना. नाहीतर गाडीत, क्लातेन यायच्या आधी, बोगी अंधारात असते तेव्हा... आणि तसं म्हटलं तर ऐंशी माणसं आहेत, त्यातलं कोणीतरी बोलेलच की, मग मीच कशाला उगाच...

"वेनिंग, कोणाशी बोलतेयस?"

कोणाशी नाही, आले, मी फक्त यांना सांगत होते की तुझं लोदे किती